वाऱ्याला वाट

ओळीतल्या सगळ्या खोल्यांची दारे खाडीकडे उघडत. घरमालकीण यशोदाबाईच्या थोरल्या मुलाने पावणे गावाच्या कडेला, कारखान्यांना जमीन देऊन उरलेल्या पट्ट्यात ती ओळ बांधली, तेव्हा दाराच्या दिशेचा विचार त्याने केला नव्हता. रस्ता त्या बाजूला होता, म्हणून दारे त्या बाजूला आली. पाठीमागे एका कारखान्याची उंच भिंत होती. त्यामुळे मागे दार काढण्याचा प्रश्नच नव्हता. हातभर रुंदीचा झरोका तेवढा ठेवलेला होता, आणि तोही घुशी येतात म्हणून भाडेकरूंनी फळ्या ठोकून बंद केला होता. वर सिमेंटचे पत्रे, लोखंडी पायपांना हुकांनी आवळलेले. भाडेकरू बहुतेक सातारकडचे. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे, किंवा पावण्याच्या लहानसहान कारखान्यांत हेल्परी करणारे. ओळीच्या उत्तर टोकाची, सगळ्यांत उघड्यावरची खोली शहाजी आणि वेणूबाई यांची होती.

वेणूबाई पाटण खोऱ्यातल्या एका वाडीतून आलेली. सासूने तिला जे शिकवले, त्यातले पुष्कळसे शहरात आल्यावर निकामी झाले. दावणीचे, परड्याचे, बियाण्याच्या राखेचे ज्ञान पत्र्याच्या खोलीत कुठे ठेवणार? एक गोष्ट मात्र तिने जपून आणली होती. पठारावरून वारा सुटला की सासू आधी पुढचे दार उघडी, मग मागचे, आणि दोन्ही दारांना दोरी बांधून मधल्या उंबऱ्यावर बसून राही. "वाऱ्याशी भांडू नये, पोरी," ती म्हणे. "पुढनं घ्यावं, मागनं सोडावं. पाव्हणा हाय त्यो, पर मुक्कामाचा न्हवं. वाट दिली की जातोय आपला."

त्या घराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड होत्या. छपरावर नळीची कौले एकमेकांवर सैल टेकलेली असत. जोराच्या वाऱ्यात ते छप्पर हजार फटींतून श्वास टाकी. काही कौले सरकत, एखादे फुटे. पण छप्पर जागचे हलल्याचे वाडीत कोणाला आठवत नव्हते. सासू याचे श्रेय दारांना देई. कौलांना ते कोणीच दिले नाही.

शहरात आल्यावर वेणूबाईने हे ज्ञान ओळीतल्या बायकांना वाटले. मृगाच्या तोंडावर वादळी वारे सुटत, तेव्हा ती दारोदार फिरून सांगे, "दारं उघडा ग, वाऱ्याला वाट द्या." बायका उघडत. वारा आत शिरे, भांडी पाडी, कॅलेंडर फाडी आणि थोड्या वेळाने पावसात विरघळून जाई. शेजारच्या खोलीतल्या मोनालीने, कोरेगावकडून नव्यानेच लग्न होऊन आलेल्या मुलीने, तर ते मंत्रासारखे पाठ केले होते.

शहाजीला या सगळ्याचे हसू येई. त्याच्या हसण्याला आता तेवढीच जागा उरली होती. मुंबईतला बाजार खाडी ओलांडून वाशीला आला, तेव्हा त्या बाजाराबरोबर जी माणसे आली त्यांत तो होता. पोत्यात रुतवायचा लोखंडी आकडा कमरेला, डोक्यावर मुंडासे, आणि चालण्यात थोडी मिजास. मग एका सकाळी बटाट्याच्या पोत्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली आणि कमरेखालचे अंग त्याच्या हुकमातून गेले. तेव्हापासून तो खाटेवर उताणा होता. वेणूबाई बाजारात कांदा निवडायला जाऊ लागली. दुपारी परत आल्यावर त्याला पुसणे, कुशीवर वळवणे, भरवणे. यात वर्षे गेली, आणि ती कशी गेली हे सांगण्यासारखे त्यांत काही नव्हते.

उताण्या माणसाला आकाश नसते, छप्पर असते. कोणत्या हुकाला गंज चढला आहे, कोणता पत्रा कोणत्या वाऱ्याला कुरकुरतो, हे शहाजीला तोंडपाठ झाले होते.

"तिसरा पत्रा बोलाय लागलाय बघ," तो म्हणे.

"बोलू द्या की. तुमी तरी कुठं बोलताय माझ्यासंगं?"

"त्यो माझ्यापरीस शाना हाय. वारा बघून तोंड उघडतोय."

रविवारी त्याच्या हमालांच्या टोळीतला ज्योतिबा येई. येतानाच दारातून ओरडे, "काय शेठ, गादीवरच का अजून?"

"शेठ व्हायाला दुकान लागतं लेका. माझी नुसतीच गादी."

ज्योतिबा दर वेळी एकच आग्रह धरी. चौघे मिळून उचलतो, बाजारात एक चक्कर मारून आणतो. पोरांना भेटशील, चहा पिशील. शहाजी दर वेळी नाही म्हणे. टोळीत एक रीत होती. पोते पाठीवर चढवताना दोघांनी हात द्यायचा. एकदा पाठ लागली की मग वाहणाऱ्याला कोणी शिवायचे नाही. वाटेत कोणी आधार द्यायला पुढे झालाच तर शिवी खाई. ही रीत शहाजीच्या हाडांत मुरलेली होती आणि हाडे मोडली तरी ती मोडली नव्हती. "उभा जन्म मी वाहिलं," तो म्हणे. "मला वाह्याचं ते एकदाच, चौघांनी. आन् तवा मी बघाया नसंन."

वेणूबाईला या बोलण्याचा राग येई आणि अभिमानही वाटे. त्यांतले अधिक काय होते, हे तिला स्वतःलाही कधी ठरवता आले नाही.

पत्र्यांची काळजी घेण्याचा काळ ओळीत ठरलेला असे. वैशाख उतरू लागला की हूक आवळायचे, डांबराची पट्टी लावायची, कडेला दगड ठेवायचे. माघात छपराकडे कोणी बघत नसे. माघात वादळ येते, हे कोणाच्याच अनुभवात नव्हते. त्या वर्षीचा माघ मात्र आधीपासूनच विचित्र होता. दोन-तीन दिवस दक्षिणेकडून कोंदट हवा येत होती; थंडी आटली होती आणि बायका पदराने वारा घेत होत्या. यशोदाबाईच्या घरच्या टीव्हीवर सांगितले, की उत्तरेत बर्फ पडते आहे, थंड हवेचा मोठा पट्टा खाली सरकतो आहे, किनाऱ्यावर सोसाट्याचे वारे सुटतील, लोकांनी घरात थांबावे, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. बातमी ऐकणाऱ्यांनी स्वेटरची आठवण काढली. वाऱ्याची कोणी काढली नाही.

वेणूबाईला वाऱ्याची बातमी बाजारात कळली, कांद्याच्या पापुद्र्यांवरून. एरवी निवडताना उडणारे पापुद्रे गाळ्याच्या एकाच कोपऱ्यात जाऊन साठत. त्या दिवशी दुपारी ते मध्येच थांबले, हवेत उभे राहिल्यासारखे झाले, गोल फिरले आणि उलट्या दिशेने बायकांच्या तोंडावर आले. हवेला एकदम पाण्यासारखा गारवा आला. वायव्येकडे, खाडीच्या पलीकडे, आभाळाच्या बुडाशी पिवळट भिंत उभी राहत होती. वेणूबाईने निवडायची पाटी तशीच ठेवली आणि बस धरली.

ओळीच्या तोंडाशी यशोदाबाई उभी होती. जमिनी गेल्यावरही जिचा हुकूम गेला नाही अशी ती गावची आगरी म्हातारी. लुगड्याचा काष्टा घट्ट आणि आवाज त्याहून घट्ट. ओळीतल्या बायकामुलांना ती स्वतःच्या घराकडे हाकत होती. तिचे घर पक्के होते, चार पावलांवर.

"वेनूबाय, कवाची वाट बघतंय तुजी! सगली आयली माझे घरान. तुजे मालकाला पन आन. माजा पोर हाय, वर्कशॉपची दोगं हायेत, उचलतील."

"न्हाय यायचे ते, यशोदाबाई."

"आरं, नाय कसा येत? स्लाब हाय माझे घराला. हे पत्रं कुनाचे सगे? माघान असा आभाल मी जन्मात नाय बघला."

वेणूबाई खोलीत गेली. शहाजी छताकडे बघत होता.

"म्हातारी बोलावतीया. पोरं उचलून न्हेतील."

"आन् समदी बघत्याल. बाया, पोरं. शहाजीचं पोतं आलं, म्हंत्याल."

"कुनी काय म्हनत न्हाय."

"मी म्हनतो ना."

इथे तिने आग्रह धरायला हवा होता. पुढे अनेकदा, भाकरी थापताना, बसच्या रांगेत, हा क्षण तिच्यापुढे येऊन उभा राही आणि ती त्यात निरनिराळी वाक्ये घालून पाही. त्याला न विचारता पोरांना आत बोलावले असते तर? तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, आणि जिवंत राहिला असता. पण त्या दिवशी तिला त्याच्यावर जबरदस्ती करावीशी वाटली नाही. त्याच्याकडे नकार देण्याची एवढी एकच सत्ता उरली होती. ती काढून घेणारी आपण होऊ नये, असे तिला वाटले. शिवाय तिच्यापाशी सासूचे शब्द होते. ती दारातून म्हणाली, "तुमी व्हा फुडं. म्या हाय हितं. वाऱ्याला वाट दिली की काय करत न्हाय त्यो."

यशोदाबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि मोनालीचे तान्हे मूल स्वतःच्या पदराखाली घेऊन ती घराकडे वळली. बाकीच्यांनी खोल्यांना कुलपे घातली होती. वेणूबाईने मात्र दार सताड उघडले आणि ते आपटू नये म्हणून कडीत सुंभ ओवून खुंटीला बांधले. मागच्या झरोक्याकडे तिचे लक्ष गेले नाही. तिच्या मनातल्या घराला मागचे दार होते. तिने पुढचे उघडले, आणि मागचे उघडेच आहे अशा विश्वासाने ती आत वळली.

आधी धूळ आली. मग खाडीचा खारट, कुजकट वास, मग कुठल्याशा कारखान्याच्या अंगणातले पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. आणि या सगळ्यांना मागून ढकलत वारा आला. तो मृगाच्या वाऱ्यासारखा दम घेत येत नव्हता. त्याला पाऊस नव्हता, गडगडाट नव्हता. एकसारखा, कोरडा, गार दाब होता तो. पत्रे घुमू लागले. शहाजीच्या अंगावरची वाकळ फुगली.

"दार लाव," तो म्हणाला.

त्याला थंडी वाजते आहे, असे तिला वाटले. तिने दुसरी वाकळ काढली, त्याच्या पायांखाली खोचली.

"दार... दार लाव, येडे!"

"आवं, वाट द्याया नगं? जाईल आत्ता."

तो वर बघत होता. एक हात उचलून तो पत्र्याकडे काहीतरी दाखवत होता. पत्रे वर होत होते, खाली बसत होते, पुन्हा वर होत होते. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी सबंध छपराला हालचाल आली होती. त्याने पुन्हा काही म्हटले. ओठ हलले, शब्द वाऱ्याने नेले. वेणूबाईला बांधलेल्या दाराचा सुंभ सुटेल की काय अशी भीती वाटली, आणि ती तो आवळायला दारापाशी गेली. दाराच्या चौकटीत ती उभी असताना तिच्या पाठीमागे एकदम उजेड झाला. आवाजाच्या आधी उजेड आला, हे तिला नंतरही नीट आठवे. छप्पर एका तुकड्यात उठले होते, पायपांसकट; खोलीत पिवळे आभाळ उतरले होते आणि त्या आभाळाखाली शहाजी उताणा, डोळे उघडे ठेवून पडला होता. मग खोलीची पाठची भिंत ओणवली, एक पायप खाली आला आणि विटा आल्या.

चौकटीने वेणूबाईला वाचवले. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

वारा मंदावल्यावर यशोदाबाईचा मुलगा आणि वर्कशॉपमधले दोघे धावत आले. खाट मोडली होती. उचलायला काही हवे म्हणून त्यांनी बिजागऱ्यांतून निखळलेले दार घेतले, सुंभ कापला आणि शहाजीला त्या दारावर निजवून नेले. रस्त्यावर ओळीतली सगळी माणसे उभी होती. शहाजीचे डोळे उघडे होते. वेणूबाई दाराची कड धरून चालत होती. तिने वाकून स्वतःचा पदर त्याच्या तोंडावर धरला, त्याला कोणी दिसू नये म्हणून. धुळीसाठी धरला, असे लोकांना वाटले.

दवाखान्यात तो काही दिवस होता. छातीत कफ भरला, बोलणे थांबले. एकदा त्याने तिचा हात धरला आणि दाबला. त्यात राग होता की क्षमा की नुसती कळ, हे तिला ओळखता आले नाही. मग तो गेला. चौघांनी वाहिला. ज्योतिबा पुढे होता. "लई जड माणूस," तो स्मशानातून परतताना म्हणाला आणि भर रस्त्यात हमसून रडला.

ओळीत त्या वादळाची चर्चा पुष्कळ दिवस चालली. बाकीच्या, कुलपे घातलेल्या खोल्यांचे कुठे कोपरे उडाले होते, कुठे एखादा पत्रा तडकला होता. सबंध छप्पर गेले ते एकट्या वेणूबाईचे. लोकांना त्यात नवल वाटले नाही. टोकाची खोली, उघड्यावरची. आणि शहाजीची वेळ भरली होती. यांपैकी कोणतेही कारण पुरेसे होते. दोन्ही मिळून तर शंकेला जागाच उरत नव्हती.

छप्पर पुन्हा घालायला सुधीर नावाचा पत्रेवाला आला. वर चढून तो मोडलेले हूक काढत होता. काम करता करता त्याने विचारले, "मावशी, त्या दिवशी दार उघडं होतं काय हो?"

"व्हय. का रं?"

"तेच. हूक बाहेरच्या बाजूला सरळ झालेत. आतनं फुगलं छप्पर. वारा आत आला आणि जायला जागा नाही. मग तो वरच उचलणार ना. दार लावलं असतं तर चार वॉशर गेले असते फार तर." एवढे बोलून त्याने खाली हात केला. "तो मोठा पाना द्या जरा."

वेणूबाईने पाना दिला. तिने तो नीट, दांड्याच्या बाजूने दिला.

त्या संध्याकाळी ती यशोदाबाईकडे गेली आणि सगळे सांगितले. दार आपण उघडले. तो लाव म्हणत होता. त्याला दिसत होते. म्हातारीने तिला जवळ ओढले. "काय बोलतंय गो तू! वारा काय दाराला इचारून येतंय? त्याचे दिस भरले व्हते, गेला. असा मनान नको आनू." ज्योतिबाला तिने सांगितले, तो म्हणाला, "वयनी, तुमी केलं तेवढं कुनी केलं नसतं." ज्याला त्याला ती सांगत राहिली, आणि जो तो तिला माफ करत राहिला. ती केवळ एवढेच म्हणत होती की दार उघडू नये. ते कोणी ऐकलेच नाही.

गावी परतण्यासारखे काही उरले नव्हते. दिराने घर पाडून त्या जागी विटांचे बांधले होते. वेणूबाई त्याच खोलीत, नव्या पत्र्यांखाली राहिली. खाटेच्या जागी ती आता जमिनीवर निजे आणि तिला झोप लागेपर्यंत छप्पर दिसत राही.

पुढच्या माघात एका दुपारी हवा पुन्हा तशीच कोंदली आणि पुन्हा तशीच फिरली. खाडीकडून गार झोत आला. वेणूबाई भांडी टाकून बाहेर धावली. ओळीत एकामागून एक दारे उघडत होती. गेल्या वर्षी ज्यांनी कुलपे घातली होती, त्यांनीसुद्धा या वेळी दारे उघडली होती. वेणूबाईचे दार उघडे होते हे कोणाच्या मनात राहिलेच नव्हते; शहाजीच्या घराचे झाले तसे आपले होऊ नये, एवढेच होते. मोनाली कडेवर मूल घेऊन दाराच्या कडीत सुंभ ओवत होती.

"मोने, लाव दार! लाव आदी!"

"आवं मावशी, तुमीच शिकवलंय की."

"चुकीचं शिकवलं ग बाई. मुलाला घे, दार लाव, यशोदाबाईकडं चल. पाया पडते तुझ्या."

मोनालीने तिच्याकडे दयेने पाहिले. दुःखाने माणसाचे असे होते, हे तिला माहीत होते. "बसा मावशी, पानी देऊ का?" ती म्हणाली. वेणूबाईने सुंभाला हात घातला. मोनालीने तो हळूच, पण ठामपणे सोडवला. वेणूबाई पुढच्या दाराकडे गेली, त्याच्याही पुढच्या. कोणी हसले, कोणी हात धरून तिला बसवू पाहिले. एका म्हाताऱ्याने तिला देवाचे नाव घ्यायला सांगितले.

वारा त्या दिवशी वाढलाच नाही. थोडी धूळ उडाली, कोणाचे कॅलेंडर फाटले, आणि दिवेलागणीच्या आत तो थकून खाडीवर पडला. दारे उघडीच होती. छपरे जागच्या जागी होती.

"बघा," मोनालीचा आवाज ओळीभर ऐकू आला, "वाट दिली तर गेला का न्हाई गुमान?"

वेणूबाई आपल्या खोलीत गेली. दार लावून, त्याला पाठ टेकून ती बसली. पलीकडच्या खोलीत त्याच महिन्यात लग्न होऊन आलेली एक मुलगी मोनालीला काहीतरी विचारत होती आणि मोनाली तिला समजावून सांगत होती, पूर्वी वेणूबाईने तिला सांगितले होते त्याच संथ, जाणत्या सुरात. "वाऱ्याशी भांडू नये, पोरी. पुढनं घ्यावं त्याला." एवढेच सांगून ती थांबली. 'मागनं सोडावं' हे पुढचे अर्धे वाक्य तिने म्हटले नाही. या ओळीत मागचे दार कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ते केव्हाच गळून गेले होते.